अनुनाद की अनुस्पंदन?

गेल्या हिवाळ्यात दिल्लीतील कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका सभागृहात भारतीय भाषांच्या तुलनात्मक अभ्यासाविषयी एक परिसंवाद झाला. त्यात मीही एक निबंध वाचला. पाश्चात्य नाटकाचे मराठीत उमटलेले पडसाद हा त्याचा विषय होता. हा मार्ग म्हणजे पूर्वीचा कर्झन मार्ग. कॅनॉट प्लेसपासून इंडिया गेटपर्यंत तो जातो, आणि २०१३ मध्ये त्याच्या इंडिया गेटकडील भागात नवे महाराष्ट्र सदन उभे राहिल्यापासून त्याच्या पदपथावर मराठी बोल कानी पडणे तितकेसे दुर्मिळ राहिलेले नाही. परिसंवादालाही काही मराठी श्रोते आलेले होते. त्यांपैकी एक मूळचे वऱ्हाडातले, वीजवहनाच्या क्षेत्रात सारी हयात घालवून निवृत्त झालेले अभियंते होते. चहाच्या वेळी ते माझ्याजवळ आले आणि अत्यंत सौजन्याने म्हणाले, "सर, तुमच्या निबंधात 'अनुनाद' हा शब्द अकरा वेळा आला. मी मोजला. त्यांतला एकही अनुनाद मला दिसला नाही, म्हणून विचारतो, तुम्हांला नेमके काय म्हणायचे होते?"

मी जे उत्तर दिले ते येथे नमूद करण्याजोगे नाही. एखादी कलाकृती दुसऱ्या भाषेत घुमत राहते, तिचा आवाज पुढे पुढे जात राहतो, असे काहीतरी मी बोललो. ते हसले. "घुमणे म्हणजे देवळातली घंटा. ती एकदा वाजवली की हळूहळू विझते. आमच्या विषयात ज्याला अनुनाद म्हणतात तिथे कुणी एकदा वाजवून निघून जात नाही." नंतर त्यांनी कार्यक्रमपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर एक साधी आकृती काढली. तिच्यातून जे मला समजले आणि त्यामुळे माझे जे मत बनले, ते मांडणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विषय विजेचा असला तरी वाद भाषेचा आहे आणि काही अंशी तुलनात्मक साहित्याभ्यासाच्या पद्धतीचाही आहे.

आकृती अशी होती. घरात येणारी वीज प्रत्यावर्ती असते, म्हणजे सेकंदाला पन्नास आवर्तने करीत ती दिशा बदलते. हा दाब १२ व्होल्टपर्यंत उतरवून घेतला आणि त्याला लोखंडी गाभ्यावर गुंडळलेल्या तारेचे एक मोठे वेटोळे जोडले, असे समजा. वायरमन ज्याला चोक म्हणतो त्याच जातीचे हे वेटोळे. त्याचे प्रवर्तकत्व अर्धा हेन्री आणि तारेचा स्वतःचा रोध १६ ओहम. अशा वेटोळ्यातून प्रवाह जेमतेम पाऊण दशांश अँपिअर, म्हणजे ०.०७६ अँपिअर वाहतो. कारण बदलत्या प्रवाहाला वेटोळे विरोध करते आणि पन्नास आवर्तनांना हा विरोध सुमारे १५७ ओहम भरतो. आता याच वाटेत, एकामागून एक असे, वीस मायक्रोफॅरडचे एक धारित्र बसवू. धारित्र म्हणजे पंख्यात असतो तो कंडेन्सर. त्याचाही स्वतःचा विरोध आहे, सुमारे १५९ ओहमचा. एकाच वाटेत एका अडथळ्यापुढे दुसरा तितकाच अडथळा ठेवल्यावर प्रवाह निम्मा होईल, असे कोणीही म्हणेल, मीही म्हणालो. प्रत्यक्षात तो जवळजवळ दसपट होतो. ०.०७६ चे ०.७४ अँपिअर होतात.

कारण हे दोन विरोध एकाच जातीचे नाहीत. वेटोळ्यात दाबाची लाट प्रवाहाच्या पाव आवर्तन पुढे असते आणि धारित्रात ती पाव आवर्तन मागे राहते. दोन्हींमध्ये अर्ध्या आवर्तनाचे अंतर पडते, म्हणजे एक ज्या क्षणी पूर्ण धन असते त्याच क्षणी दुसरी पूर्ण ऋण. एक ऊर्जा साठवीत असते तेव्हा दुसरे ती सोडीत असते, आणि ही देवघेव त्या दोघांतच आतल्या आत चालते. बाहेरच्या उगमाच्या दृष्टीने दोन्ही विरोध जणू नाहीतच. उरतो तो तारेचा रोध, १६ ओहम. प्रवाहाला मर्यादा घालणारे दुसरे काहीही शिल्लक राहत नाही. वेटोळे आणि धारित्र यांचे विरोध समान होतील अशी एकच कंप्रता प्रत्येक जोडीला असते. उगमाची कंप्रता तीशी जुळली की ही अवस्था येते. इंग्रजीत तिला रेझोनन्स म्हणतात, हिंदीत अनुनाद, आणि मराठी विश्वकोशाने तिच्यासाठी अनुस्पंदन हा शब्द वापरला आहे.

आकृतीखाली त्या गृहस्थांनी एक आकडा लिहून त्याभोवती दोनदा वर्तुळ काढले. उगम १२ व्होल्टचा. परंतु अनुस्पंदनाच्या अवस्थेत धारित्राच्या दोन टोकांमधला दाब सुमारे १२० व्होल्ट. वेटोळ्याच्या टोकांतही जवळजवळ तितकाच. दोन्ही परस्परविरुद्ध, म्हणून बाहेरून मोजले तर बेरीज बाराच. "आयटीआयतला मुलगा पाटीवर बारा व्होल्ट वाचतो आणि निर्धास्तपणे बोट लावतो," ते म्हणाले. "अनुनाद म्हटल्यावर त्याच्या मनात आवाज येतो. हा आकडा येत नाही."

शब्दाचा प्रश्न त्या दिवशी मला प्रथमच अंगावर आल्यासारखा वाटला. परिभाषेची चर्चा आपल्याकडे बहुधा शब्द बोजड की सुटसुटीत, संस्कृतोद्भव की लोकभाषेतला, एवढ्यावरच अडकते. शब्द खोटे चित्र उभे करतो की खरे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

अर्थात 'अनुनाद' हा शब्द नादावरून आला म्हणून तो चूक, असे म्हणता येणार नाही. इंग्रजी शब्दही लॅटिनमधील पुन्हा ध्वनित होण्याच्या क्रियापदावरूनच आलेला आहे. विज्ञान रूपकांवाचून चालत नाही. ज्या संशोधकांनी ही अवस्था प्रथम हाताळली त्यांनाही नाव शोधताना अडचणच पडली होती. १८६८ च्या मार्च महिन्यात विल्यम ग्रोव्ह या शास्त्रज्ञाला (तो व्यवसायाने वकील होता) एका प्रयोगाने बुचकळ्यात टाकले. प्रत्यावर्ती वीज देणाऱ्या यंत्राला जोडलेल्या प्रवर्तन-वेटोळ्याच्या वाटेत धारित्र घातले की ठिणग्या वाढत होत्या. वाट अडवल्यावर प्रवाह वाढावा कसा? जेम्स क्लार्क मॅक्सवेलने त्याला पत्राने उत्तर कळवले, आणि त्यात आधार घेतला तो नादाचा नव्हे, तर जड वस्तू आणि स्प्रिंग यांचा. वेटोळे हे वस्तूच्या जडत्वासारखे आणि धारित्र हे स्प्रिंगच्या ताणासारखे. दोन्हींची खेच परस्परविरुद्ध असते आणि योग्य ठेक्याने हलवले तर ती एकमेकांना फेडते. या दाखल्यात ध्वनीचा मागमूस नाही आणि तरी, किंवा म्हणूनच, तो आजही अचूक ठरतो. पुढे १८९० च्या सुमारास ऑलिव्हर लॉजने दोन विद्युत् मंडले एकमेकांशी जुळवून दाखवली तेव्हा त्याने 'सिंटनी' असा ग्रीक वळणाचा शब्द योजला. इंग्रजीत तो टिकला नाही. मात्र इटालियन आणि स्पॅनिश भाषांत रेडिओवरचे केंद्र लावण्याच्या क्रियेला आजही त्याच धातूवरून बनलेले शब्द आहेत. एका भाषेने टाकलेला शब्द दुसरीने उचलला, आणि अधिक अचूक अर्थाने वापरला. आपल्या अभ्यासविषयाला याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

माझा आक्षेप आहे तो पुढच्या पायरीला. विज्ञानाने नादाचे रूपक उचलले, त्याला नवा काटेकोर अर्थ दिला. त्यानंतर साहित्यिकांनी तो शब्द परत आणला, परंतु आणताना विज्ञानाने दिलेला अर्थ वाटेतच सांडला. आजच्या समीक्षेत 'अनुनाद' म्हणजे फार तर पडसाद, अनेकदा नुसती वाहवा. अमुक कादंबरीत काळाचे अनुनाद आहेत, तमुक कवितेचा अनुनाद मनात रेंगाळतो. रेंगाळतो, हेच येथे महत्त्वाचे क्रियापद आहे. जे रेंगाळते त्याला आपल्या परंपरेत फार जुने आणि नेमके नाव आहे. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने ध्वनीचे प्रकार पाडताना, वाच्यार्थापाठोपाठ ज्याचा क्रम जाणवतो अशा व्यंग्यार्थाला अनुस्वानाची उपमा दिली आणि नंतरच्या शास्त्रकारांनी त्याला अनुरणन म्हटले. घंटेवर टोल पडतो, टोलाचा आवाज संपतो आणि मागून कंप येत राहतो, तोच हा. टोल आधी, अनुरणन नंतर. टोल थांबलेला, अनुरणन चालू आणि क्रमाने क्षीण होणारे. समीक्षकांना बहुतेक वेळा हेच म्हणायचे असते. त्यांनी हेच म्हणावे. इतका घडीव शब्द हाताशी असता भौतिकशास्त्राच्या दारी जाण्याचे प्रयोजन मला दिसत नाही.

अनुस्पंदनाचे चित्र त्याहून निराळे आहे. येथे बाहेरची प्रेरणा थांबलेली नसते. ती अखंड चालू असते आणि बहुधा अतिशय क्षीण असते. जे मोठे होते ते घेणाऱ्याच्या घडणीमुळे होते. आपल्याकडचा सर्वांच्या परिचयाचा दाखला मिरजेच्या सतारींचा. वाजवायच्या तारांखाली तरफेच्या बारीक तारा असतात. त्यांना वादक क्वचितच स्पर्श करतो. रागातील स्वरांप्रमाणे त्या आधी लावून ठेवतो. वरच्या तारेवर गंधार लागला की खालची गंधाराची तरफ आपणहून झंकारते, शेजारची जवळजवळ गप्प राहते. दोन्हींना सतारीच्या घोडीतून आणि तबलीतून मिळालेला कंप सारखाच असतो. भेद पडतो तो फक्त आधी केलेल्या लावणीने.

रेडिओत हेच विजेच्या भाषेत घडत असे. माझ्या लहानपणी तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील आमच्या गावी आजोबांचा एक संच होता. मध्यमलहरींवर पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर आणि दिल्ली केंद्र ८१९ किलोहर्ट्झवर, म्हणजे सुईच्या जेमतेम अर्ध्या बोटाच्या अंतरावर शेजारी. दिवसा दिल्ली मिळत नसे. रात्री लहरी वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन येत आणि आजोबा दोन बोटांच्या चिमटीत खुंटी धरून, श्वास रोखून, पुण्याच्या पलीकडे दिल्ली शोधीत. त्या खुंटीला आत एकात एक सरकणाऱ्या पत्र्यांचे धारित्र जोडलेले असे. रेडिओ दुरुस्त करणारे त्याला गँग म्हणत. शेजारी फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेले वेटोळे. हवेतून येणाऱ्या सगळ्याच केंद्रांच्या लहरी त्या वेटोळ्यात अत्यल्प दाब उत्पन्न करीत. तो दाब वेटोळ्याच्या तारेतच उपजत असल्यामुळे वेटोळे, धारित्र आणि तारेचा रोध यांची ती एकसरीच होई. खुंटी फिरली की धारित्र बदले, मंडलाची स्वतःची कंप्रता बदले, आणि शेकडो लहरींतून जी तिच्याशी जुळे तिचाच प्रवाह मोठा होई.

आता पुणे आणि दिल्ली यांतील अंतर २७ किलोहर्ट्झचे. ८१९ ला २७ ने भागले तर सुमारे तीस येतात. मंडलातील वेटोळ्याचा विरोध त्याच्या रोधाच्या निदान तीसपट असल्याखेरीज ही दोन केंद्रे वेगळी होऊच लागत नाहीत. स्वच्छ वेगळी व्हायला हे गुणोत्तर पुष्कळ मोठे हवे. (संचात हे काम एकट्या पहिल्या मंडलाचे नसते. पुढे ४५५ किलोहर्ट्झवर कायमची बसवलेली आणखी मंडले असतात आणि निवडीचा मोठा भार ती उचलतात.) रोध वाढला की अनुस्पंदनाचे शिखर बुटके आणि रुंद होते, मग पुण्याच्या भावगीतात दिल्लीचे निवेदन मिसळते. रोध कमी झाला की शिखर उंच आणि अरुंद होते; निवड नेमकी होते, परंतु खुंटी केसभर हलली तरी केंद्र निसटते. फारच अरुंद केले तर आवाजातील वरच्या पट्टीचे स्वर कापले जातात आणि बोलणारा माणूस घोंगडीतून बोलल्यासारखा वाटतो. म्हणजे रोध हा केवळ दोष नव्हे. किती रोध ठेवायचा हा रचनेचा प्रश्न आहे.

ही यंत्राची माहिती साहित्याच्या पृष्ठांवर इतक्या विस्ताराने देण्याचे कारण असे, की तुलनात्मक अभ्यासात आपण 'प्रभाव' या शब्दाने दीर्घकाळ काम भागवले. प्रभावाची कल्पना ढकलण्याची आहे. एक साहित्य ढकलते, दुसरे हलते. अभ्यासकाने ग्रंथ केव्हा आला, कोणी वाचला, कोणी भाषांतर केले याचा माग काढायचा. हे काम आवश्यकच आहे. पण त्यातून एक गोष्ट कळत नाही. नॉर्वेचा नाटककार ब्यर्नसन याचे 'एन हान्स्के' हे नाटक १८८३ मधले. विवाहापूर्वीच्या शुचितेची अट स्त्रीला असेल तर पुरुषाला का नको, हा त्यातला प्रश्न. नाट्यमन्वंतर या संस्थेने त्याच्या आधारे श्री. वि. वर्तकांनी लिहिलेले 'आंधळ्यांची शाळा' मुंबईत रंगभूमीवर आणले ते १ जुलै १९३३ रोजी. मधली पन्नास वर्षे हा प्रश्न कुठे होता? स्त्रीला एक न्याय आणि पुरुषाला दुसरा का, असे ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' मध्ये १८८२ मध्येच विचारले होते, ब्यर्नसनच्या आदल्या वर्षी आणि त्याच्याशी कसलाही संबंध नसताना. प्रेरणा हवेत होती. मंडल लागलेले नव्हते. १९३३ पर्यंत शिकलेल्या स्त्रियांची एक पिढी प्रेक्षागृहात बसू लागली होती, ज्योत्स्ना भोळे यांच्यासारखी अभिनेत्री रंगमंचावर उभी राहू शकत होती, बोलपटाने जुन्या संगीत नाटकाचा आधार खिळखिळा केला होता. माझ्या निबंधात मी या सर्वांना 'पार्श्वभूमी' म्हटले होते आणि दोन परिच्छेदांत गुंडाळले होते. त्या आकृतीनंतर मला वाटते की निबंधाचा विषय तोच असायला हवा होता. ब्यर्नसन हा १२ व्होल्टचा उगम. १२० व्होल्ट कोठे उत्पन्न झाले ते मुंबईत शोधायचे.

आणि उरलेला रोध? तोही शोधायचा. नाट्यमन्वंतर ही संस्था फार काळ टिकली नाही.

रूपकाला मर्यादा आहेत, हे येथेच सांगून टाकतो. विद्युत् मंडल ऐकल्याने बदलत नाही. वाचक आणि प्रेक्षक बदलतात. एखादे नाटक पाहून उठलेला समाज त्याच नाटकाला दुसऱ्यांदा पूर्वीसारखा सामोरा जात नाही. पत्र्याच्या धारित्राला स्मृती नसते. म्हणून ही उपमा नियम म्हणून नव्हे, तर प्रश्न विचारण्याची एक रीत म्हणूनच वापरावी.

आणखी एक गोष्ट त्या अभियंत्यांनी सांगितली आणि ती मला विशेष मोलाची वाटते. आम्ही बोलत बोलत इंडिया गेटच्या दिशेने चाललो होतो. मार्गावरच्या बहुमजली कचेऱ्यांकडे हात करून ते म्हणाले, "तुमच्या व्यासपीठावर अनुनाद म्हणजे नेहमी कौतुकच. आमचे निम्मे आयुष्य तो टाळण्यात गेले." अशा इमारतींच्या तळघरात वीजवापर सुधारण्यासाठी धारित्रांचे संच बसवलेले असतात. रोहित्राला स्वतःचे प्रवर्तकत्व असतेच. संगणक, एलईडी दिवे, लिफ्टची नियंत्रणे ही शुद्ध पन्नास आवर्तनांचा प्रवाह घेत नाहीत. तिच्या पाचपट आणि सातपट, म्हणजे २५० आणि ३५० आवर्तनांचे कंपही निर्माण करतात. धारित्र आणि रोहित्र यांची जोडी दुर्दैवाने त्यांपैकी एखाद्या कंपाशी जुळली तर तो क्षुल्लक कंप फुगतो, धारित्रे तापतात, फुगतात, कधी फुटतात. म्हणून प्रत्येक धारित्राच्या एकसरीत मुद्दाम एक वेटोळे घालतात. सात टक्क्यांचे वेटोळे घातले की जोडीची कंप्रता १८९ आवर्तनांवर जाते, जिथे त्रास देणारा कोणताच मोठा कंप नसतो. जुळू नये म्हणून केलेली ही लावणी!

लांब पल्ल्याच्या वीजवाहिन्यांत तर हा प्रश्न अधिक गंभीर. दिल्लीजवळच्या बल्लभगढला कानपूरहून येणाऱ्या ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीत एकसरीत धारित्रे बसवली आहेत. शेकडो किलोमीटरच्या तारेचे प्रवर्तकत्व काही अंशी फेडले की तीच वाहिनी अधिक वीज वाहू शकते. पण ते सगळे फेडीत नाहीत. चाळीस टक्के फेडले असे धरले तर वाहिनीची स्वतःची कंप्रता सुमारे ३१.६ येते, पन्नासातून ती वजा करता उरतात १८.४. एवढ्या कंप्रतेने जनित्राचा पोलादी दंड पिळला जाऊ शकतो, आणि दंडाची स्वतःची पिळण्याची कंप्रता तेवढीच निघाली तर? अमेरिकेत नेव्हाडा राज्यातल्या मोहावी वीजकेंद्रात १९७० मध्ये आणि पुन्हा १९७१ मध्ये असेच काहीसे घडून जनित्राचा दंड निकामी झाला. तेव्हापासून जगभरचे अभियंते एकसरी धारित्र बसवताना आधी हा हिशेब करतात.

समीक्षेत असा हिशेब कोणी करताना दिसत नाही. समाजाच्या मनात आधीच साठलेल्या भीतीशी किंवा द्वेषाशी एखादे भाषण, एखादी घोषणा जुळते आणि पाहता पाहता तिचा दसपट प्रवाह होतो, हेही अनुस्पंदनच. ते साहित्याच्या कक्षेत येत नाही असे म्हणणे सोयीचे आहे, पण घोषणाही शेवटी भाषेतच रचली जाते.

आता शब्दाकडे परत येतो. केंद्र सरकारच्या वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोगाची स्थापना १९६१ मधली. सर्व भारतीय भाषांना शक्य तेथे समान परिभाषा मिळावी हे त्याचे धोरण मी अयोग्य मानीत नाही; हिंदी, बंगाली, तेलुगू या भाषांत अनुनादच रूढ आहे, आणि मराठीनेही तोच घ्यावा असे म्हणणाऱ्यांचा पक्ष दुबळा नाही. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या विद्यार्थ्याची सोय ही खरी सोय आहे. तरीही मी अनुस्पंदनाच्या बाजूने आहे. स्पंदन नादापुरते मर्यादित नाही. ते विजेचे, पुलाचे, अणुकेंद्राचेही असू शकते. आणि मराठीत तर १९७६ मध्ये पहिला खंड निघालेल्या, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली सिद्ध झालेल्या विश्वकोशाने तो घडवून ठेवला आहे. २०२१-२२ पासून अभियांत्रिकीची पदवी काही महाविद्यालयांत भारतीय भाषांतून घेण्याची मुभा मिळाली, मराठी ही त्यांपैकी एक. नवी पाठ्यपुस्तके इंग्रजीतून मराठीत आणताना भाषांतरकार हिंदी शब्दावली समोर ठेवतात आणि 'श्रेणी परिपथातील अनुनाद' असे लिहून मोकळे होतात. शालेय पुस्तकांतून आपण शिकलो ती 'एकसर जोडणी' कुठे गेली? एकसर म्हणजे एका सरातले, मोत्याच्या एकेरी सराप्रमाणे एकामागून एक ओवलेले. वाट एकच आहे आणि प्रत्येक मण्यातून तोच दोरा जातो, हे त्या शब्दातच दिसते. श्रेणी म्हणजे रांग; रांगेतून दोरा जात नाही.

माझ्या मताविरुद्ध जाणारी एक गोष्ट मात्र मला त्या अभियंत्यांकडूनच कळली आणि ती लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अनुरणन आणि अनुस्पंदन मी वर अगदी वेगळे केले. परंतु एकाच मंडलात दोन्ही असतात आणि त्यांचे नाते अतूट आहे. उगम एकाएकी तोडला तर वेटोळे आणि धारित्र यांतील ऊर्जा काही काळ येरझारा घालीत राहते आणि हळूहळू रोधात विरते, घंटेसारखीच. ज्या मंडलात ती फार वेळ टिकते तेच मंडल चालू प्रेरणेशी अधिक नेमकेपणाने जुळते. आणि ज्याला नेमके जुळायचे त्याला पूर्ण भरात यायलाही तितकाच अधिक वेळ लागतो. दीर्घ अनुरणन आणि तीव्र अनुस्पंदन ही एकाच गुणाची दोन मापे आहेत. तेव्हा घोटाळा करणारे समीक्षक सर्वस्वी चुकले नव्हते. ते दोन मापांना एक समजत होते, इतकेच. शब्द दोन असावेत या माझ्या आग्रहाला यामुळे बाध येत नाही; दोन मापांचे नाते सांगायलादेखील दोन शब्द लागतात.

आणि बोलीने तर हा सगळा वाद केव्हाच सोडवला होता, असे राहून राहून वाटते. आपण तंबोरा लावतो आणि रेडिओवर स्टेशनही लावतो. गवयाचा सूर लागतो, तसे आजोबांचे दिल्ली लागे. 'लावणे' हे माणसाचे काम आणि 'लागणे' हे त्यानंतर आपोआप घडणारे. पहिल्यात प्रयत्न आहे, दुसऱ्यात कर्ता नाहीसा झालेला. या दोन क्रियापदांत मॅक्सवेलचे अर्धे पत्र आलेले आहे. पाठ्यपुस्तकात त्यांना जागा मिळणार नाही, हे मी जाणतो.

परिसंवादानंतर आठवड्याने त्या गृहस्थांनी माझ्या निबंधाची प्रत टपालाने परत पाठवली. अकरा ठिकाणचे 'अनुनाद' त्यांनी पेन्सिलीने खोडले होते. सात ठिकाणी त्यांनी 'अनुरणन' लिहिले होते, तीन ठिकाणी काहीच न लिहिता वाक्य तसेच सोडले होते, आणि तिथे शब्दाची गरजच नव्हती हे वाचताच लक्षात येत होते. अकराव्या ठिकाणी, नाट्यमन्वंतराविषयीच्या ओळीत, 'अनुस्पंदन' असे लिहून पुढे प्रश्नचिन्ह केले होते. समासात बारीक अक्षरांत लिहिले होते: रोध किती?